मागे पडलेली शाळा पालकांच्या साथीनं कशी सावरायची? मुंबईतल्या प्राथमिक शाळांसाठी कामाचा क्रम

शाळा मागे पडली की पहिली बैठक होते रंगकाम, बाकं आणि वर्गातल्या टीव्हीवर. दुसरी होते ‘पालक येतच नाहीत’ यावर. चौथीतल्या मुलाला मराठीचं पुस्तक वाचता येतं का, हा प्रश्न या दोन्ही बैठकांत निघत नाही. हा क्रम बदलायला हवा, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. आधी मूल कुठे अडलंय ते बघा, मग त्याच अडचणीशी जोडलेलं छोटं आणि ठरावीक काम पालकांच्या हातात द्या. सभा, समिती आणि इमारत त्यानंतर.

लेख मुख्यतः महापालिकेच्या शाळांतले मुख्याध्यापक, शिक्षक आणि व्यवस्थापन समितीतले पालक यांच्यासाठी आहे. अनुदानित शाळांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

या क्रमाला आधार आहे. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम अभ्यासला गेला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना पंधरा-वीसच्या गटात रोज सुमारे दोन तास शिकवत. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि सगळ्यात जास्त फायदा तळाच्या मुलांना झाला. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात हा फायदा बराच ओसरला, हेही लक्षात ठेवायला हवं. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. पुढे 2019 साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरा अभ्यास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला. आपल्या शाळांतल्या कितीतरी पालकांचं ते गाव, म्हणून तो मला जवळचा वाटतो. तिथे गावकऱ्यांच्या सभा घेऊन शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत मुलांची चाचणी घेऊन गावाचं प्रगतिपत्रकही तयार केलं. एवढ्यानं मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. जिथे गावातल्याच तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवलं, तिथे वर्गाला आलेली मुलं वाचायला लागली. नुसत्या माहितीनं लोक हलत नाहीत, काय करायचं हे हातात आलं की हलतात.

जूनअखेर: प्रत्येक मूल एकेकटं वाचून दाखवेल

शाळा जूनच्या मध्याला उघडते, पण कोकणातून आणि उत्तरेतून परतणारी मुलं आठवडा-दोन आठवडे उशिरा येतात. म्हणून तपासणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा.

एका कागदावर चार टप्पे छापा: सुटी अक्षरं, काना-मात्रा-वेलांटीचे सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट. सुरुवात उताऱ्यानं करा. तो वाचता आला तर गोष्ट द्या. अडखळलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. मुलांचं वाचन-गणित घरोघरी तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात 2005 पासून हीच पद्धत आहे, पण ते ग्रामीण भागापुरतं असतं. मुंबईच्या शाळेला आपला आरसा आपणच धरावा लागतो. गणितासाठी हातच्याची वजाबाकी आणि सोपा भागाकार, एवढं पुरे.

एका मुलाला पाच मिनिटं लागतात. 120 मुलं म्हणजे दहा तासांचं काम. पाच जणांनी केलं तर दोन तासांत उरकतं. शिक्षकांनी वर्ग अदलाबदल करून तपासावं, म्हणजे स्वतःच्या वर्गाची बाजू राखायचा मोह होत नाही. सोबत दहावी-बारावी झालेल्या दोन-तीन आया घ्या. मूल कुठे थांबतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की पुढची निम्मी समजूत तिथेच घातली जाते.

निकाल असा दिसेल. समजा तिसरी ते पाचवीत 96 मुलं आहेत. गोष्ट वाचणारी 31, उताऱ्यावर थांबलेली 22, शब्दांवर थांबलेली 25, अक्षरांवर थांबलेली 14 आणि अक्षरही न ओळखणारी 4. म्हणजे 65 मुलांना मदत हवी. पंधरा-सतराच्या गटानं धरलं तर चार गट झाले. ‘शाळा घसरलीय’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘चार गट, चार जागा, आठ माणसं हवीत’ यावर लगेच कामाला लागता येतं.

फळ्यावर फक्त आकडे लिहा. कुठल्याही मुलाचं नाव सभेत, फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपवर येता कामा नये. ही अट एकदा जरी मोडली तरी ती आई पुन्हा शाळेची पायरी चढणार नाही.

घरी जा, पण तपासणीला नको

ज्या मुलांना मदत हवी त्यांच्या घरी दोघांनी मिळून जावं, एक शिक्षक आणि वस्तीतली एक पालक. वेळ त्यांच्या सोयीची. घरकामाला जाणारी आई दुपारी दोन-अडीचला तासभर घरी येते. नाक्यावर कामाला जाणारा बाप संध्याकाळी सातनंतर भेटतो. नळाला पाणी यायची वेळ प्रत्येक गल्लीची वेगळी असते, ती विचारून घ्या. पाणी भरायच्या वेळी दारात उभं राहिलात तर कुणीही नीट बोलणार नाही.

पहिल्या भेटीत तक्रार करायची नाही, कागदपत्रं मागायची नाहीत, वहीवर सही घ्यायची नाही. बोलणं साधं ठेवा:

“ताई, तुमची पोरगी वर्गात सगळ्यांना मदत करते. घरी ती काय काय करते?”

“घरी होय, धाकट्याला सांभाळते. मी सकाळी कामावर जाते ना बाई.”

“ती काय शिकावी असं वाटतं तुम्हाला?”

“माझ्यासारखं अंगठा लावायला नको लागू दे, एवढंच.”

अशा दोन प्रश्नांत मुलाचं घर कळतं. धाकट्याला सांभाळायला कुणी नाही, म्हणून ही मुलगी आठवड्यातून दोनदा गैरहजर असते. हे हजेरीपटावर कधीच दिसलं नसतं. तिच्या धाकट्या भावासाठी जवळची अंगणवाडी किंवा बालवाडी शोधून देणं हा इथे वाचनाच्या कामाचाच भाग आहे.

घरची भाषाही विचारा. मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी गोरमाटी (बंजारा), तेलुगू, भोजपुरी किंवा मालवणी बोलणारी मुलं असतात. अशा मुलाला पुस्तकी शब्द उशिरा कळतात आणि आपण त्याला मंद समजून बसतो. आईला सांगा, घरी तुमच्याच भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा. त्यानं मराठीचं नुकसान होत नाही.

रिकामा बाक कुणी विचारायचा?

मूल शाळेत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. हजेरीपटातून दोन याद्या काढा: सलग तीन दिवस न आलेली मुलं आणि दर आठवड्याला एखादा दिवस बुडवणारी मुलं. दुसऱ्या यादीकडे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक वेळी एकच दिवस जात असतो, पण वर्षाच्या शेवटी त्याचा महिना-सव्वा महिना होतो.

प्रत्येक गल्लीला किंवा चाळीला एक पालक जबाबदार ठेवा. मूल आलं नाही की त्याच दिवशी त्या पालकानं दारावर जाऊन चौकशी करायची, ओरडायला नव्हे. मुंबईतली कारणं ठरलेली असतात: गावची जत्रा किंवा शिमगा, पावसात तुंबलेला रस्ता, आजारपण, सोडायला कुणी नाही. झोपडी तुटून घर माहुलला किंवा मानखुर्दला गेलं आणि नाव मात्र जुन्याच शाळेत राहिलं, असंही होतं. या शेवटच्या मुलाला रागावून काही मिळणार नाही. त्याच्या नव्या घराजवळच्या शाळेत प्रवेश करून द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

सोडायला कुणी नाही, यावर उपाय स्वस्त आहे. एकाच गल्लीतल्या चार-पाच आयांनी वार वाटून घ्यावेत आणि सगळ्या मुलांना मिळून रस्ता ओलांडून आणावं. द्रुतगती मार्ग किंवा रेल्वेरूळ मध्ये येणाऱ्या वस्त्यांत एवढ्यानंही हजेरी सुधारते.

गावी जाणाऱ्यांना थांबवू नका. गणपतीला चाकरमानी गावी जाणारच. जाताना मुलासोबत दोन गोष्टींची पुस्तकं द्या आणि परत यायची तारीख लिहून घ्या.

वाचनाचे गट: खरं काम इथे आहे

गट इयत्तेप्रमाणे करू नका, मुलाच्या टप्प्याप्रमाणे करा. तिसरीतलं आणि पाचवीतलं मूल दोघंही शब्दांवर थांबलेली असतील तर एकाच गटात बसतील. मोठ्या मुलाला लाज वाटू नये म्हणून गटांना झाडांची किंवा पक्ष्यांची नावं द्या.

रोज एक तास, आठवड्यातले पाच दिवस, आठ ते दहा आठवडे. तासाची मांडणी मी अशी सुचवेन. पहिली दहा मिनिटं मोठ्या माणसानं हावभावासह गोष्ट वाचून दाखवायची, मुलांनी पुस्तकात बोट फिरवत ऐकायचं. पुढची दहा मिनिटं गोष्टीवर गप्पा, कुणाचं चुकलं, तू असतास तर काय केलं असतंस. मग बाराखडीचा तक्ता, पण नुसता घोकायला नाही. ‘क’च्या ओळीतली अक्षरं उचलून शब्द बनवायचे, शेजाऱ्यानं बनवलेला शब्द वाचायचा. शेवटची वीस मिनिटं लिहायची. मूल तोंडानं जे बोललं तेच त्यानं लिहायचं, शुद्धलेखनाची लाल रेघ न मारता. जोडाक्षरं घाईनं आणू नका. उतारा सहज वाचता यायला लागला की ती आपोआप समोर येतात, तेव्हा एकेक सोडवावीत.

शिकवायला वस्तीतल्या बारावी झालेल्या मुली, शिकलेल्या आया आणि कॉलेजात जाणारे शाळेचे माजी विद्यार्थी. एका गटाला दोघं ठेवा, म्हणजे एकाची दांडी झाली तरी गट चालतो. त्यांना दोन दुपारी शिक्षकांनी शिकवायचं आणि पहिला आठवडा शिक्षकानं गटात बसायचं. महिन्याला थोडं मानधन देता आलं तर द्याच. मुंबईत बसभाडं आणि चहाचाही खर्च असतो आणि फुकट राबायची अपेक्षा पहिल्यांदा बायकांकडूनच केली जाते. पैसा एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत आणा, शाळेनं पालकांकडून वर्गणी गोळा करू नये.

मुंबईत खरी अडचण जागेची. एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं भरतात, त्यामुळे एक सत्र सुटलं की वर्ग रिकामा मिळत नाही. दोन मार्ग आहेत. पहिला, वेळापत्रकातच एक तास वाचनाचा ठरवायचा आणि त्या तासाला सगळ्या इयत्तांची मुलं टप्प्याप्रमाणे विभागायची. माझी पसंती याला, कारण मूल त्या वेळी शाळेतच असतं. दुसरा, वस्तीतली जागा: समाजमंदिर, बुद्धविहार, मंडळाचं कार्यालय, मशिदीशेजारचा हॉल. अशा ठिकाणी दोन पालक कायम हजर हवेत.

मुलांच्या सुरक्षिततेत हयगय नको. मदतनीसाची ओळखपत्राची प्रत मुख्याध्यापकांकडे हवी, लेखी परवानगी हवी, आणि एका मुलासोबत एकटं बसायचं नाही हा नियम सगळ्यांना सारखा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती कामात आहे का, तक्रारपेटी कोण उघडतं, हे गट सुरू होण्याआधी बघून घ्या.

दर पाचव्या आठवड्याला तोच कागद घेऊन पुन्हा तपासा. पुढे गेलेलं मूल वरच्या गटात पाठवा. एखादं मूल तसूभरही हललं नाही तर त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. महापालिकेच्या रुग्णालयात हे होतं आणि चष्मा लागल्यावर वाचायला लागलेली मुलं असतात.

घरच्या घरी: न शिकलेल्या आईसाठीही

“मला येत नाही, मी काय शिकवणार” असं कितीतरी आया म्हणतात. त्यांना शिकवायला सांगूच नका. रोज रात्री दहा मिनिटं मुलाला मोठ्यानं वाचायला सांगायचं आणि वाचून झालं की “गोष्टीत काय झालं?” एवढं विचारायचं. याला अक्षरओळख लागत नाही. पान वाचलं की कॅलेंडरवर फुली मारायची.

बाजारात मुलाला भाजीचा हिशेब करू द्या. स्टेशनांची आणि बेस्टच्या बसवरची नावं वाचू द्या. गॅसच्या पुस्तकावरचं, औषधाच्या पाकिटावरचं, रेशनकार्डावरचं नाव शोधू द्या.

फोनवर येणारा गृहपाठ बहुतेक घरांत पोचत नाही. घरात एकच फोन आणि तो बापासोबत कामावर. ग्रुप ठेवायचा तर आवाजी निरोप पाठवा, रात्री आठनंतर, एका मिनिटाचा, एकाच कामाचा. शुभेच्छा आणि फॉरवर्ड बंद.

सभा

आता सभा घ्या. रविवारी सकाळी दहाला किंवा एखाद्या संध्याकाळी, महिन्यातून एकदा, एक तास. पहिली पंधरा मिनिटं मुलं वाचून दाखवतील, तीही ज्यांना वाचायचं आहे तीच. मग फळ्यावरचे आकडे. मग एकच विषय. वर्गणीचा विषय नको, लांब भाषण नको. पालकांना लहान मुलांच्या बाकांवर मागे बसवून शिक्षक स्टेजवर, अशी मांडणी नको. सगळे गोल बसा. बाप आले तर त्यांनाही कामं वाटा, नाहीतर सगळा भार आयांवर येतो.

समिती सहीपुरती राहू नये

शिक्षण हक्क कायदा 2009 मधल्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांपैकी, मुख्याध्यापक सचिव. बैठक महिन्यातून किमान एकदा. कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा बनवणं समितीचं काम आहे.

प्रत्यक्षात अनेक शाळांत फाटकावर सही घेऊन बैठक झाली असं लिहिलं जातं. हे थांबवायला दोन गोष्टी पुरतात. सभेचं इतिवृत्त त्याच बैठकीच्या शेवटी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मगच सह्या. दुसरं, सदस्य निवडताना मागे पडलेल्या मुलांचे पालक मुद्दाम घ्यायचे. वस्तीतला एखादा कार्यकर्ताच सगळ्या शाळांवर दिसतो. त्याचा उपयोग आहे, पण अध्यक्षपदी मूल त्या शाळेत शिकत असलेली आई असावी असं माझं ठाम मत आहे.

आराखडा दोन पानांचा असू द्या. किती मुलं गोष्टीपर्यंत न्यायची, हजेरी कुठून कुठे, इमारतीतली तीन कामं, आणि प्रत्येकासमोर नाव व तारीख. तो डिसेंबरअखेर तयार हवा, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या आत वरच्या कार्यालयापर्यंत पोचतो.

इमारत, खिचडी आणि कार्यालयं

इमारतीचं पहिलं काम मुलींचं शौचालय धरा. मुलींनाच विचारा: पाणी येतं का, कडी लागते का, दिवसभर तिथे जायचं टाळता का? यातलं एक काम महिन्याभरात झालं तर पालकांचा विश्वास बसतो.

खिचडीची चव रोज एका पालकानं घ्यावी, चव नोंदवहीत लिहावं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, हे पालकांना माहीत असू द्या. महापालिका देत असलेलं 27 प्रकारचं शैक्षणिक साहित्य कधी आलं, किती मुलांना मिळालं, याची तारीखवार नोंद समितीनं ठेवावी.

तक्रार करायची तर समितीचा ठराव करा, मुख्याध्यापकांच्या सहीनं पत्र द्या. क्रम असा: विभाग निरीक्षक, मग वॉर्डाचे प्रशासकीय अधिकारी, मग शिक्षणाधिकारी. दुरुस्तीचं पत्र पालिकेच्या शाळा पायाभूत सुविधा कक्षालाही. प्रत्येक पत्राची ओसी, म्हणजे आपल्याकडे राहणारी पोच-प्रत, घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. ओसी नसेल तर पत्र दिलंच नव्हतं असं धरलं जातं. माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी ठेवा. 30 दिवसांत उत्तर मिळतं, पण तोवर मुख्याध्यापक बचावात जातात आणि रोजचं काम अडतं.

शिक्षकांना सोबत ठेवायचं तर

पालक वर्गात आले की शिक्षकांना चौकशी बसल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आधीच निवडणूक, जनगणना आणि नोंदींचा भार असतो. कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. समितीनं या कलमाचा आधार घेऊन शिक्षकांच्या बाजूनं एक पत्र लिहिलं तर शाळेतली हवा बदलते. शिक्षकाच्या शिकवण्याबद्दल बोलायचं असेल तर मुख्याध्यापकांकडे, एकांतात. मुलाला मारलं असेल तर मात्र गप्प बसायचं नाही. कलम 17 नं शारीरिक आणि मानसिक दोन्ही शिक्षांना बंदी आहे.

बदली होण्याआधी

मुख्याध्यापकांची बदली झाली की सगळं पुन्हा शून्यावर येतं, आणि बालसखीच्या अभ्यासातही थांबलेल्या मदतीचा परिणाम टिकला नाही. म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक फाईल बनवा: शेवटच्या वाचन तपासणीचा तक्ता, कोणतं मूल कुठे आहे, गल्लीवार जबाबदार पालकांची नावं, मदतनिसांची यादी, प्रलंबित पत्रांच्या ओसी आणि पुढच्या जूनमधल्या तपासणीची तारीख. एक प्रत शाळेत, एक अध्यक्षबाईंच्या घरी. पाचवी संपवून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलांचा तक्ता त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष नेऊन द्या. जी मुलं अजून उताऱ्यावर अडली आहेत, त्यांच्यासाठी मे महिन्यात वस्तीतच रोज सकाळी तासभर गट चालवा. गावी न गेलेली मुलं येतील, आणि त्यांच्यासाठी तेवढी तरी जागा उघडी हवी.